नावाच्या फ्लायट्रॅपला जास्त पैसे मोजण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सरला की चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंतच्या रोपवाटिकांत आणि घरपोच रोपे पाठवणाऱ्यांच्या जाहिरातींत हल्ली व्हीनस फ्लायट्रॅप, म्हणजे पानाच्या टोकावरच्या सापळ्यात किडे पकडणारे झाड, दिसतो. साध्या रोपाशेजारीच ‘अकाई रियू’, ‘बी-५२’, ‘रेड पिरान्हा’ अशा चिठ्ठ्या लावलेली रोपे असतात आणि त्यांची किंमत साध्याच्या कितीतरी पट असते. घेणाऱ्यांचा प्रश्न साधा असतो: नावाचे रोप खरोखर वेगळे असते का? रंग आणि सापळ्याचा आकार यांत ते वेगळे असते, आणि तो फरक पाहण्यासारखाही असतो. पाणी, माती, ऊन, हिवाळा यांत मात्र काडीचाही फरक नसतो. कोकणात बरीच रोपे याच चार गोष्टींपायी जातात, म्हणून हा पत्रप्रपंच.

व्हीनस फ्लायट्रॅप ही जगात एकच जाती आहे, डायोनिया मस्सिपुला. तिला सख्खे भावंड नाही. सर्वांत जवळची नातलग म्हणजे पाण्यात तरंगणारी अल्ड्रोव्हँडा. फ्लायट्रॅपचे मूळ घर अमेरिकेतल्या उत्तर आणि दक्षिण कॅरोलायनाच्या किनारी सपाटीवर, विल्मिंग्टन शहराच्या आसपासच्या थोड्याशा पट्ट्यात आहे. जॉन एलिस यांनी १७६८ साली तिला हे शास्त्रीय नाव दिले. आज बाजारात जेवढी नावे दिसतात ती सगळी याच एका जातीतून निवडलेल्या रोपांची आहेत. कोणी रोपवाटिकेच्या वाफ्यात वेगळे रोप हेरले, कोणी बियांपासून निवडले, काही तर टिश्यू कल्चरच्या बाटलीतच बदललेली निघाली.

हापूस ज्यांच्या अंगणात आहे त्यांना पुढची गोष्ट वेगळी समजावावी लागणार नाही. हापूसचा बाठा रुजवला तर उगवते ते रायवळ. फळ बरे निघेल, पण त्याला हापूस म्हणून विकता येत नाही. हापूस हवा तर कलमच हवे. फ्लायट्रॅपचा नाव दिलेला वाण हे असेच एका मूळ रोपाचे अंग असते. कंद विभागून, पान देठाच्या पांढऱ्या बुडासकट काढून लावून, फुलाचा कोवळा दांडा मातीत खोचून किंवा टिश्यू कल्चरने वाढवले तरच तो वाण टिकतो. बी धरले की परागीभवनात गुणांची सरमिसळ होते. ‘बी-५२’ स्वतःच्याच परागाने फळला तरी त्याची पिल्ले ‘बी-५२’ नसतात.

म्हणून वाणाचे नाव छापलेले बियांचे पाकीट कोणीही घेऊ नये. ‘निळा फ्लायट्रॅप’, ‘जांभळा-पिवळा मिश्र फ्लायट्रॅप’ अशा जाहिरातींतली चित्रे संगणकावर रंगवलेली असतात. निळा फ्लायट्रॅप अस्तित्वातच नाही. खरे बी काळे, तुकतुकीत, थेंबासारख्या आकाराचे आणि जेमतेम एक-दीड मिलिमीटरचे असते. पाकिटातून चपटे, तपकिरी किंवा तिळाएवढे बी निघाले तर ते दुसऱ्याच कशाचे तरी आहे. बी खरे निघाले तरी रोप भरायला तीन-चार वर्षे लागतात.

नाव कोण देते तेही माहीत असावे. कीटकभक्षी वनस्पतींच्या वाणांची जागतिक नोंद १९९८ पासून इंटरनॅशनल कार्निव्होरस प्लांट सोसायटी ठेवते. वाणाचे वर्णन, छायाचित्र आणि तो कसा वाढवला तर गुण टिकतात एवढे दिले की नाव नोंदवता येते. या नोंदणीत रोपाची परीक्षा होत नाही. नाव आधी कोणी वापरलेले नाही आणि वर्णन रीतसर छापले आहे, एवढेच पाहिले जाते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काजूचा किंवा भाताचा वाण प्रसारित करण्यापूर्वी घेतलेल्या चाचण्यांसारखे येथे काही नसते. त्यामुळे नोंदलेल्या वाणांतही एकमेकांपासून ओळखू न येणारे पुष्कळ आहेत. त्याशिवाय ‘जायंट’, ‘सुपर रेड’, ‘मॉन्स्टर’ असली नावे विक्रेते स्वतःच लावतात. त्यांना कशाचाच आधार नसतो.

आता खरे फरक पाहू. रंगाचा फरक सर्वांत पक्का. ‘अकाई रियू’, म्हणजे ‘रेड ड्रॅगन’ या नावाने विकला जातो तो, अटलांटाच्या वनस्पती उद्यानातून आला आणि १९९६ साली त्याचे नाव प्रसिद्ध झाले. भरपूर उन्हात त्याचे पान, देठ, सापळा सगळेच गर्द तांबडे होते. साध्या रोपात उन्हात फक्त सापळ्याची आतली बाजू लाल होते, पान हिरवेच राहते. दुसऱ्या टोकाला ‘जस्टिना डेव्हिस’ आहे: कितीही ऊन द्या, सापळ्याच्या आतसुद्धा लाली येत नाही. ही दोन रोपे साध्याच्या दोन बाजूंना ठेवली तर मूलही ओळखेल. गर्द लाल वाण हिरव्यांपेक्षा सावकाश वाढतात, हे मात्र घेताना लक्षात घ्यावे.

आकारमानाचा फरक खरा आहे, पण जाहिरातीत दाखवतात तेवढा नाही. साध्या पोसलेल्या रोपाचा सापळा दोन ते तीन सेंटिमीटरचा होतो. ‘बी-५२’ पूर्ण वाढला, ऊन-पाणी-थंडी सगळे मनासारखे मिळाले, तर पाच सेंटिमीटरच्या आसपास जातो. येथे ‘पूर्ण वाढला’ हे शब्द महत्त्वाचे. दोन इंची कुंडीतल्या ‘बी-५२’ च्या पिल्लाचा सापळा साध्या पिल्लाएवढाच असतो. त्याच्या चिठ्ठीला दिलेले पैसे दोन वर्षे तरी डोळ्यांना दिसत नाहीत.

दातांचे वाण वेगळे आहेत. ‘सॉटूथ’, ‘डेंटे’, ‘रेड पिरान्हा’ यांच्या सापळ्याच्या कडेला लांब काट्यांऐवजी आखूड त्रिकोणी दात असतात. हा फरक लहान रोपातही बऱ्यापैकी दिसतो, म्हणून नवशिक्याला खात्री करून घ्यायला हे वाण सोपे. ‘फ्यूज्ड टूथ’ मध्ये दात एकमेकांना चिकटलेले असतात, पण ते हंगामावर अवलंबून असते. हंगामाच्या सुरुवातीची पाने अगदी साध्यासारखी येतात आणि पुढची पाने चिकटलेल्या दातांची. त्यामुळे मार्चमध्ये ‘फसवले’ म्हणून ओरडू नये आणि विक्रेत्याने ‘पुढे येईल’ म्हटले म्हणून आंधळा विश्वासही ठेवू नये. वाढलेल्या पानांचे छायाचित्र मागावे.

उरले विद्रूप वाण: ‘वॅकी ट्रॅप्स’, ‘कप ट्रॅप’ वगैरे. ‘कप ट्रॅप’ चे दोन्ही पाळे, म्हणजे सापळ्याचे मिटणारे दोन भाग, टोकाला जुळून वाटीसारखे होतात. ‘वॅकी ट्रॅप्स’ चे सापळे जाड, आखूड आणि जवळजवळ निकामी असतात. हे संग्राहकांचे वाण आहेत. माशी पकडताना पाहायची हौस असेल त्याने ‘वॅकी ट्रॅप्स’ घेऊ नये; त्या रोपाला किडा धड धरताच येत नाही आणि वाढही मंद असते.

सापळ्याची करामत सगळ्या धडधाकट वाणांत एकच. प्रत्येक पाळ्यावर बहुधा तीन संवेदी केस असतात. साधारण वीस सेकंदांत दोनदा स्पर्श झाला की सापळा सेकंदाच्या दहाव्या भागात मिटतो, आणि आतला किडा धडपडत राहिला तरच पाचकरस सुटतात. काडीने खेळ म्हणून मिटवलेला सापळा रिकामाच पुन्हा उघडतो आणि उगाच झिजतो. तीन-चार शिकारींनंतर सापळा काळा पडतो. तो रोग नव्हे, कापून टाकावा. मोठ्या सापळ्याचा वाण जास्त डास खातो हे पूर्णपणे खोटे आहे. रानात या झाडाच्या सापळ्यांत मुख्यतः मुंग्या, कोळी, भुंगेरे सापडतात, डास क्वचितच. उलट कुंडीखालच्या पाण्याच्या थाळीत डास अंडी घालतात. आपल्याकडे डेंग्यूची भीती असताना ही थाळी आठवड्याच्या आत रिकामी करून, कडा घासून, पुन्हा भरली पाहिजे.

आता खोट्या फरकांविषयी. फसवणुकीपेक्षा गैरसमज जास्त होतात ते येथेच. सावलीत ठेवलेला ‘अकाई रियू’ हिरवट पडतो आणि कडक उन्हातले साधे रोप बऱ्यापैकी तांबूस दिसते, तेव्हा दुकानातल्या रंगावरून काहीच ठरवता येत नाही. हंगामाप्रमाणे पानांची ठेवणही बदलते: वसंतातली पाने रुंद देठाची, जमिनीला टेकलेली, उन्हाळ्यातली अरुंद देठाची, उभी. एकाच रोपाची ही दोन रूपे दोन वाण म्हणून विकली जाऊ शकतात. टिश्यू कल्चरच्या बाटलीतून नुकत्याच निघालेल्या रोपात वाढसंप्रेरकांचा अंमल उरलेला असतो. त्याला एका जागी दहा-बारा कोंब येतात, सापळे वेडेवाकडे निघतात. सहा महिने ते वर्षभरात ते पूर्वपदावर येते. आणि सर्वांत वाईट म्हणजे मावा. कोंबाच्या गाभ्यात मावा शिरला की नवी पाने मुरडलेली, दात अर्धवट असलेली निघतात आणि कोणीतरी त्याला ‘दुर्मिळ नवा प्रकार’ म्हणून दुप्पट दर लावतो. भिंगाने गाभा पाहावा. बारीक हिरवे-करडे ठिपके हलताना दिसले तर संपूर्ण रोप कुंडीसकट एक-दोन दिवस पावसाच्या पाण्यात बुडवून ठेवावे. मावा मरतो आणि पुढची दोन-तीन पाने सरळ आली की ‘नवा प्रकार’ संपतो.

वाणाची खरी परीक्षा घ्यायची तर साधे रोप आणि नावाचे रोप एका मापाच्या कुंडीत, एकाच मातीत, एकाच उन्हात शेजारी ठेवावे. पाच इंच खोल प्लॅस्टिकची कुंडी चांगली. मातीची कुंडी क्षार शोषून भिंतीत साठवते. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरपासून, किमान पाच-सहा तास थेट ऊन मिळू द्यावे. विकत घेताना असलेली पाने मोजणीत धरूच नयेत. सहा ते आठ आठवड्यांनी जी नवी तीन-चार पाने येतील त्यांचाच रंग आणि माप पाहावे. सापळ्याची लांबी दात सोडून मोजावी. जून ते सप्टेंबरमधल्या पानांवरून निर्णय देऊ नये: ढगाळ उजेडात सगळीच पाने लांब, लुळी आणि फिकट होतात.

परीक्षेपुरते रोप जगले पाहिजे, आणि येथे कोकणाची अडचण सुरू होते. पाणी ही आपली जमेची बाजू. या झाडाला क्षार सोसत नाहीत. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर ५० च्या आत आकडा असेल तर उत्तम, १०० पर्यंत तात्पुरते चालवून घेता येते, त्यापुढे नाही. जांभ्यातल्या विहिरींचे पाणी कधीकधी या मर्यादेत बसते, पण खाडीलगतच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात, तेव्हा पावसाळ्यात घेतलेल्या आकड्यावर विसंबू नये. आकाशातून एवढे पाणी पडते तर तेच साठवावे. पहिल्या दोन-तीन जोरदार सरी सोडून द्याव्यात, कारण उन्हाळाभर वाऱ्याने आणलेले मीठ आणि धूळ कौलांवर बसलेली असते. पागोळीचे पाणी धरावे. नव्या स्लॅबवरून किंवा सिमेंटच्या पत्र्यावरून आलेले नको, त्यात चुना उतरतो. एका कुंडीला दिवसाला १०० मिलिलिटर धरले तरी ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांना २४ लिटर लागतात. वीस लिटरचे दोन कॅन झाकण घट्ट लावून अंधारात ठेवले की एका रोपाची बेगमी होते. थाळीत एक-दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त पाणी ठेवू नये.

मातीत आपल्याकडचे काहीच चालत नाही. शेणखत, गांडूळखत, तांबडी माती यांपैकी काहीही घातले की मुळे जळतात, कारण हे झाड नत्र मातीतून नव्हे तर किड्यांतून घेते. कोकोपीट स्वस्त आणि हाताशी असते, पण खाऱ्या पाण्यात कुजवलेल्या सोडणाचे असेल तर त्यात मीठ भरलेले असते. समुद्राची किंवा खाडीची रेती तर मुळीच नको. मिठाशिवाय तिच्यात शिंपल्यांचा चुना असतो. रेतीच्या चिमटीवर व्हिनेगर टाकून पाहावे, फेस आला तर ती बाद. स्फॅग्नम पीट (स्फॅग्नम शेवाळ कुजून झालेला भुसभुशीत थर) आणि परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे) निम्मे-निम्मे, दोन्ही पावसाच्या पाण्यात भिजवून, हे मिश्रण निर्धोक. दोन वर्षांनी ते बदलावे.

एप्रिल-मेमध्ये चिऱ्याच्या अंगणात ठेवलेली काळी कुंडी आतून शिजते. पांढरी कुंडी घ्यावी किंवा एका कुंडीत दुसरी बसवावी आणि दुपारी बारा ते चार पातळ सावलीची जाळी धरावी. पावसात कुंडी उघड्यावर ठेवली तर मातीचे शिंतोडे उडून कोंब गाडला जातो आणि गोगलगायी एका रात्रीत रोप फस्त करतात. पारदर्शक पत्र्याखाली, वारा खेळता राहील अशा उंच जागी ठेवावे. काचेच्या बंद भांड्यात ठेवले तर करडी बुरशी धरते. त्या बुरशीवर सुपारीच्या कोळ्यासाठी घरात असलेले बोर्डो मिश्रण कोणी वापरू नये: मोरचुदातले तांबे आणि चुना हे दोन्ही या झाडाला घातक. मेलेली पाने वेळच्या वेळी कापणे हाच पहिला इलाज.

खरी मेख हिवाळ्याची आहे, आणि ती विक्रेते सांगत नाहीत. विल्मिंग्टनला थंडीत रात्री पारा शून्याच्या आसपास येतो आणि सर्वांत लहान दिवस दहा तासांच्या जवळ असतो. रत्नागिरीला जानेवारीची रात्र क्वचितच १५ अंशांखाली उतरते आणि सर्वांत लहान दिवसही सुमारे ११ तासांचा. त्यामुळे झाडाला लागणारी तीन महिन्यांची झोप, म्हणजे थंडीत वाढ थांबवून घेतलेली विश्रांती, मिळत नाही. पहिले वर्ष ते कंदातल्या साठ्यावर तरते, दुसऱ्या वर्षी सापळे लहान होतात, पुढे एका पावसाळ्यात कंद कुजतो. घेणाऱ्याला वाटते नावाचे रोप नाजूक निघाले. मुळात साधे रोपही असेच मेले असते. ‘उष्ण हवेला सरावलेला वाण’ म्हणून जे विकले जाते त्यावर विश्वास ठेवू नये. झोपेची गरज टाळणारा कोणताही वाण नाही.

उपाय आहे, तो फ्रिजचा. नोव्हेंबरअखेर रोप कुंडीतून काढावे, सगळे पीट पावसाच्या पाण्याने धुवावे, काळी आणि मोठी पाने कापून फक्त कंद आणि चार कोवळी पाने ठेवावीत. मुळे पिळून ओलसर केलेल्या लांब धाग्याच्या स्फॅग्नममध्ये गुंडाळावीत. पाणी टपकले तर शेवाळ जास्त ओले आहे. चिठ्ठी आत घालून झिपच्या पिशवीत भरावे आणि भाजीच्या कप्प्यात, तीन ते पाच अंशांत ठेवावे, बर्फाच्या कप्प्यात नव्हे. दर पंधरवड्याला उघडून पाहावे. करडी लव दिसली तर तेवढा भाग कापून शेवाळ बदलावे. फेब्रुवारीच्या मध्यावर नव्या पीटमध्ये लावून आठ-दहा दिवस सावलीत आणि मग उन्हात. बाटलीतून नुकतीच निघालेली इवलीशी रोपे पहिला हिवाळा तशीच वाढवता येतात. वसंतात फुलाचा दांडा आला की दोन इंचांचा असतानाच कापावा. बी धरण्यात रोपाची शक्ती जाते, आणि तोच दांडा लावून दुसरे रोपही मिळू शकते.

घेण्याचा क्रम आमच्या मते असा असावा. आधी एक साधे रोप घेऊन त्याचा एक पावसाळा आणि फ्रिजमधला एक हिवाळा पार पाडावा. ते फेब्रुवारीत फुटले तरच नावाचे घ्यावे. मग विक्रेत्याला विचारावे: मातृरोप कोणाकडून आले, विभागून वाढवले की टिश्यू कल्चरने, बाटलीतून काढून किती महिने झाले, आणि याच साठ्यातल्या वाढलेल्या रोपाचे उन्हातले छायाचित्र आहे का. ही उत्तरे नसतील तर ते रोप साध्याच्या किमतीला घ्यावे आणि चिठ्ठीवर ‘साधे’ लिहावे. पुढे विभागून दुसऱ्याला देताना चुकीचे नाव पसरत नाही.

एक विनंती आणखी. फ्लायट्रॅप मूळ प्रदेशात संकटात आहे. तो साइट्स कराराच्या, म्हणजे रानटी प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि उत्तर कॅरोलायनाने २०१४ पासून रानातून चोरणे गंभीर गुन्हा ठरवले आहे. रोप वाढवलेलेच घ्यावे. आपल्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवर, पावसात दवबिंदू आणि सीतेची आसवे फुलतात, तीही कीटकभक्षीच. ती उपटून कुंडीत आणणारे अलीकडे दिसतात. त्यांतली बहुतेक एका हंगामाची असतात आणि कुंडीत तगत नाहीत. सड्यावर बी पडण्याआधी उपटली तर पुढच्या वर्षी त्या जागी फारशी उगवत नाहीत.

आपल्या जिल्हा आवृत्तीत रोपवाटिकांच्या जाहिराती येतात. नावाचा फ्लायट्रॅप विकणाऱ्यांनी जाहिरातीत मातृरोपाचा उगम, वाढवण्याची पद्धत आणि ‘नोव्हेंबर ते फेब्रुवारी फ्रिजमध्ये ठेवणे आवश्यक’ एवढ्या तीन गोष्टी छापाव्यात, असा आग्रह आपण धरावा.

आपले,
कीटकभक्षी वनस्पती वाढवणारे काही वाचक,
रत्नागिरी-सिंधुदुर्ग